फोमचा नाकतोडा : प्रस्तावना

मासेमारीची फ्लाय बांधायला शिकायचे असेल तर सुरुवात नाकतोड्यापासून करावी, आणि नाकतोडा बांधायचा तर फोमचाच बांधावा, असे माझे स्पष्ट मत आहे. हे छोटे पुस्तक त्या मतापायीच लिहून झाले. सोलापुरात बसून फ्लायवर पुस्तक लिहिणाऱ्याला लोक आधी हसतात, मग विचारतात, ‘इथे कुठे आहे ट्राउट?’ प्रश्न रास्त आहे. ट्राउट हा थंड पाण्याचा मासा. आपल्या देशात तो काश्मीर-हिमाचलात, निलगिरीत, मुन्नारच्या डोंगरात सापडतो. महाराष्ट्रात तो नाही आणि सोलापूरच्या उन्हात तो येण्याची शक्यताही नाही. पण फ्लाय म्हणजे ट्राउट हे समीकरण साहेबाने आपल्या सोयीने मांडलेले आहे. पाण्यावर पडलेला किडा खाणारा मासा आणि पाण्यावर पडणारा किडा, एवढ्या दोन गोष्टी जिथे आहेत तिथे फ्लाय चालते. या दोन्ही बाबतींत सोलापूर जिल्हा अजिबात दरिद्री नाही.

गळ टाकण्याच्या नेहमीच्या पद्धतीत आमिषाला किंवा शिशाला वजन असते. ते वजन पुढे जाते आणि दोरी त्याच्यामागून ओढली जाते. फ्लायला वजनच नसते. गळावर पीस, दोरा, केस बांधून केलेला तो किड्याचा आभास असतो. तो फेकायचा तर दोरीच जाड आणि वजनदार लागते, आणि दोरी हवेत मागेपुढे झुलवून पाण्यावर अंथरावी लागते. नवख्याची खरी पंचाईत इथे होते. बहुतेक फ्लाय इतक्या नाजूक किड्यांच्या नकला असतात की त्या पाण्यावर अलगद, आवाज न करता टेकल्या पाहिजेत. हात बसेपर्यंत दोरी धपकन आपटते, मासे पांगतात आणि नवखा शिकाऊ चार दिवसांत काठी माळ्यावर टाकतो.

नाकतोडा या सगळ्याला अपवाद आहे. खरा नाकतोडासुद्धा पाण्यावर अलगद उतरत नाही. उडी चुकली किंवा वाऱ्याने ढकलले की तो ‘टप्प’ आवाज करत पडतो, तंगड्या झाडतो, थोडा थांबतो, पुन्हा झाडतो. काठाजवळ दबा धरून बसलेल्या माशाला तो आवाज ओळखीचा असतो. म्हणजे फेक जरा जड पडली तर नुकसान होत नाही, उलट फायदाच होतो. शिकणाऱ्याच्या कच्च्या हाताला सांभाळून घेणारी दुसरी फ्लाय मला तरी माहीत नाही.

फ्लायचा इतिहास जुना आहे. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या सुमारास इलियन या रोमन लेखकाने मॅसिडोनियातल्या एका नदीवर लोक गळाला लाल लोकर गुंडाळून वर कोंबड्याची पिसे बांधतात असे लिहून ठेवले आहे. इंग्लंडमध्ये आयझॅक वॉल्टनचे गळावरचे प्रसिद्ध पुस्तक 1653 साली आले आणि 1676 च्या आवृत्तीत चार्ल्स कॉटनने त्याला फ्लायची जोड दिली. नाकतोड्याची फ्लाय मात्र खरी फोफावली ती अमेरिकेत. तिथल्या पश्चिमेकडच्या नद्या गवताळ रानांतून वाहतात आणि उन्हाळा सरता सरता काठचे गवत नाकतोड्यांनी भरून जाते. डेव्ह व्हिटलॉक या गाजलेल्या कारागिराचा नाकतोडा टर्कीच्या पिसांचा आणि हरणाच्या केसांचा असे. दिसायला देखणा, पण बांधायला किचकट. आणि दोनचार मासे लागले की भिजून जड होणारा. मग कोणीतरी फोम कापून गळावर बांधला. युटा राज्यातल्या ग्रीन नदीवर निघालेली ‘चेर्नोबिल अँट’ नावाची फ्लाय तर इतकी बेढब की तिच्यात मुंगी शोधावी लागते. जुन्या वळणाच्या मंडळींनी नाके मुरडली. माशांनी मुरडली नाहीत, आणि वाद तिथेच मिटला.

हा फोम म्हणजे इथिलीन व्हिनाइल ॲसिटेट. इव्हीए म्हणून ओळखला जाणारा. हलक्या स्लिपरचा तळवा ज्याचा असतो तोच हा पदार्थ. त्यातल्या हवेच्या पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या नसतात, बंद असतात, म्हणून पाणी आत शिरत नाही. दिवसभर पाण्यात ठेवा, दाताखाली चावला जाऊ द्या, तो तरंगतच राहतो. शाळेच्या हस्तकलेसाठी स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी दोन मिलिमीटर जाडीची रंगीत फोम शीट नेमकी हीच. एका शीटमध्ये वर्षभराचे नाकतोडे होतात.

गळ ही आपल्याकडे साहेबाने आणलेली चैन आहे, असाही एक समज आहे. तो काढून टाकायला हवा. सोलापूरच्या पूर्वेला, आज कर्नाटकातल्या बिदर जिल्ह्यात असलेल्या कल्याणीच्या गादीवर बाराव्या शतकात चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर बसला होता. त्याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात राजाच्या करमणुकींची मोठी यादी आहे आणि तीत ‘मत्स्यविनोद’ हे प्रकरणच आहे: मासे कोणते, कोणत्या माशाला कोणते खाद्य घालायचे, दोरी कशी, काठी कशी. सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञाने 1951 साली या प्रकरणावर सविस्तर लिहिले, तेव्हा कुठे जगाला ते कळले. शिवयोगी सिद्धरामेश्वरांनी सोलापुरात तळे बांधले ते शतकही तेच. म्हणजे या मुलखात तळी खोदली जात होती आणि शेजारच्या राजधानीत गळाचे शास्त्र लिहिले जात होते. सोमेश्वराची आमिषे खाण्याची होती, पिसांची नव्हती. तरी काठी, दोरी आणि गळ घेऊन बसण्यात मौज आहे, हे त्याला पुरते उमगले होते. पुढे इंग्रजी अमलात मद्रास इलाख्यातला सनदी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस याने 1873 साली ‘द रॉड इन इंडिया’ लिहिले. ते महसीरसाठी गाजले. आमच्या कामाचे त्याचे दुसरे पुस्तक, 1887 सालचे ‘टँक अँगलिंग इन इंडिया’. त्यात तळ्यांतल्या माशांचा विचार आहे, आणि सोलापूर जिल्हा हा मुळात तळ्यांचाच मुलूख. तुळजापूर रस्त्यावरचा हिप्परग्याचा एकरुख तलाव आदिला नदीवर बांधून 1871 साली पुरा झाला, तो थॉमसच्या पहिल्या पुस्तकाच्याही आधी.

आता नाकतोड्याकडे येऊ. सोलापूरचा पाऊस वर्षाला सरासरी 500 ते 600 मिलिमीटरचा, तोही लहरी. नाकतोड्याचे सगळे गणित त्याच पावसावर बांधलेले असते. मादी जमिनीत अंडी घालते, ती कोरड्या मातीत पडून राहतात आणि पावसाची ओल लागली की पिल्ले बाहेर येतात. ती आईबापांसारखीच दिसतात, फक्त पंख नसतात. कात टाकत टाकत मोठी होतात आणि शेवटच्या कातीनंतर पंख फुटतात. म्हणून जुलैत गवतात दिसणारा नाकतोडा नखाएवढा असतो आणि दसऱ्याच्या सुमाराला तोच बोटाएवढा. गवत हिरवे असताना हिरवे जास्त दिसतात, माळ वाळला की खाकी. फ्लायचा आकार आणि रंग ठरवायला या पलीकडे ग्रंथ वाचायची गरज नाही. बांधावरून चालत जावे आणि पायाखालून काय उडते ते पाहावे.

ज्वारी आणि नाकतोडा यांचे वैर तर जुनेच आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला आज भौगोलिक मानांकन आहे आणि मोहोळच्या संशोधन केंद्रातून निवडलेली मालदांडी 35-1 देशभर पेरली गेली. ही ज्वारीची काळी जमीन खाली कर्नाटकात जिथवर पसरते, तिथे दख्खनचा बिनपंखी नाकतोडा शेतकऱ्याला शतकभरापूर्वीच सतावत होता. म्हैसूर संस्थानचे कीटकशास्त्रज्ञ लेस्ली कोलमन यांनी त्याचा अभ्यास केला आणि शास्त्रीय नावात तो ‘कोलेमानिया’ म्हणून त्यांच्याच नावाने ओळखला जातो. शेतकऱ्याचा वैरी असला तरी माळावर त्याला खाणारे पुष्कळ आहेत. नान्नजचे माळढोक अभयारण्य 1979 सालचे. माळढोकाच्या आहारात नाकतोडे आणि भुंगे यांना मोठे स्थान. त्या भागात किडे गोळा करायला किंवा गळ घेऊन फिरायला कोणी जाऊ नये, हे ओघात इथेच सांगून टाकतो. चिमणी, साळुंकी, सरडा, वेडा राघू, सगळे नाकतोड्यावर जगतात. मासा या पंगतीत शेवटी बसतो, तोही नाकतोडा पाण्यात पडला तर.

तो पडतो कसा, यावर अमेरिकन पुस्तके एकच उत्तर देतात: वारा. दुपारचा गरम वारा सुटला की उडणारा नाकतोडा भरकटतो आणि नदीत पडतो. सीना-भीमेच्या काठी हे खरेच आहे. पण उजनीवर वाऱ्यापेक्षा मोठे कारण आहे, आणि ते मला कोणत्याही परदेशी पुस्तकात सापडलेले नाही.

सोलापूरकराला उजनी समजावून सांगायची गरज नाही, बाहेरच्या वाचकासाठी सांगतो. भीमेवरचे हे धरण 1980 मध्ये पुरे झाले. एकूण साठा 117 टीएमसी, त्यातला निम्म्याहून अधिक, सुमारे 63 टीएमसी, मृतसाठा. त्यामुळे इथे धरण मृतसाठ्याच्या वर ‘प्लस’मध्ये आणि खाली ‘मायनस’मध्ये मोजतात, आणि उन्हाळ्यात उजनी मायनसमध्ये गेली की चहाच्या टपरीवर दुसरा विषय नसतो. पाणी मागे सरकते तशी मैलोन्‌मैल गाळाची जमीन उघडी पडते. तिच्यावर गाळपेर होते, उरलेल्या जागी गवत माजते. जूनच्या वळवाच्या आणि सुरुवातीच्या सरींवर तिथे नाकतोड्यांची पिल्ले निघतात. मग सोलापुरात आकाश कोरडे असतानाच पुण्याकडच्या घाटात पाऊस कोसळतो, दौंडचा विसर्ग वाढल्याच्या बातम्या येतात, आणि उजनी चढू लागते. पाणी हळूहळू गवतात शिरते. किडे पळायचे तिथे पळत नाहीत, वर चढतात. गवताच्या टोकाला नाकतोडे, रातकिडे, कोळी, मुंग्या यांची गर्दी होते, आणि पाणी आणखी वीतभर चढले की सगळे पाण्यावर. गुडघाभर पाण्यात, बुडालेल्या गवताच्या फटींतून मासा अक्षरशः चरत असतो. चढत्या पाण्याचे हे दिवस, साधारण ऑगस्ट-सप्टेंबर, उजनीवर फोमच्या नाकतोड्याचा खरा हंगाम. पाणी स्थिर झाले की तो ओसरतो. त्यानंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वाऱ्याचा हंगाम लागतो. तो बारीक असतो, पण नदीकाठी हमखास असतो.

मासे कोणते, हा पुढचा प्रश्न. रोहू, कटला, मृगळ यांच्यासाठी हे पुस्तक बाजूला ठेवा. ते या आमिषाचे गिऱ्हाईक नव्हेत. उजनीची ओळख झालेली चिलापी मूळची आफ्रिकेतली, 1952 साली भारतात आणली गेली. ती जे मिळेल ते खाते. लहान नाकतोडा तिला चालतो, मात्र ती ओढून नेत नाही, चोखते. घाई केली की गळ मोकळा हातात येतो. खरी मजा मरळीची. मरळ पाण्यातला प्राणवायू पुरेसा नसला तरी जगते, कारण ती वर येऊन थेट हवा घेते. म्हणून जलपर्णी दाटलेल्या, कोमट, कुंद डबक्यात इतर मासे कासावीस होतात तिथे ती आरामात बसलेली असते. वरच्या पाण्यावर तिची नजर कायम. बेडूक, उंदराचे पिल्लू, नाकतोडा, काही सुटत नाही. ती घेते तेव्हा पाणी फुटल्यासारखा आवाज होतो आणि नवख्याचा हात घाबरून वर उचलला जातो. तो उचलू नये. तिला तोंड मिटू द्यावे, दोरी ताणली गेली की मग झटका द्यावा. तिचा जबडा हाडाचा आहे, गळ धारदार नसेल तर घुसत नाही.

आता बांधणीबद्दल. पुढच्या प्रकरणात चित्रांसह सगळे आहेच, इथे फक्त एक नाकतोडा जवळून पाहू. लांब दांडीचा आठ किंवा दहा नंबरचा गळ घ्यावा. गळ धरायचा व्हाईस नसेल तर फिटर वापरतात तो हँड व्हाईस टेबलाच्या कडेला आवळावा. दोरा कुठला? सोलापुरात हा प्रश्नच हास्यास्पद आहे. 1877 सालच्या जुन्या गिरणीपासून आजच्या यंत्रमागांपर्यंत हे शहर दोऱ्यावरच उभे राहिले. पण चादरीचे सूत इथे उपयोगाचे नाही. कापूस पाणी पितो आणि नाकतोड्याला बुडवतो. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यांतला बारीक पॉलिस्टर दोरा उत्तम. दोऱ्याला कपडे वाळत घालायचा चिमटा लटकवला की ताण आपोआप राहतो, हात मोकळे राहतात.

आधी दांडीवर दोऱ्याचे वेढे शेजारी शेजारी घालून खडबडीत पाया करावा. ही पायरी गाळलेला नाकतोडा पहिल्याच माशानंतर गळावर गरगर फिरतो. पायावर फेविक्विकचा एक थेंब, आणि त्यावर फोमची पट्टी. पट्टीची रुंदी गळाच्या वाकाच्या आतल्या फटीपेक्षा जास्त नको, लांबी दांडीच्या अडीचपट. मागचे टोक वाकाच्या थोडे पलीकडे राहू द्यावे; ते पोट. मधे एकदा बांधावे, पुढे गळाच्या डोळ्याच्या अलीकडे एकदा बांधावे, मग पुढे उरलेली पट्टी मागे दुमडून त्याच जागी आवळावी. दुमड म्हणजे डोके. आवळताना सगळा जीव दोऱ्यात ओतू नये. साबणाच्या वडीतून तार जावी तसा दोरा फोममधून आरपार जातो आणि हातात दोन तुकडे येतात. पहिले दोन वेढे सैल, तिसरा घट्ट, चौथा त्याहून घट्ट, असे चढत जावे. डोळ्यापुढे जागा मोकळी ठेवावी, नाहीतर पाण्याकाठी दोरी ओवताना जी वाक्ये तोंडातून निघतात ती इथे छापता येत नाहीत.

तंगड्यांना इलॅस्टिकच्या पट्टीतले रबरी धागे. पट्टी उसवली की ते सुटे होतात. एकेक गाठ मारली की गुडघा तयार. सोलापूरच्या उन्हात रबर लवकर कुजते, म्हणून बांधलेले नाकतोडे गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नयेत. पंखांसाठी बाजारात महागडे तंतू मिळतात. खताचे रिकामे पोते उसवून बघा. त्या पट्ट्या पॉलिप्रॉपिलीनच्या असतात, पाण्यापेक्षा हलक्या, आणि सुईने विंचरल्या की बारीक चकचकीत तंतू निघतात. पाठीवर शेवटी पिवळ्या किंवा भगव्या फोमचा छोटा तुकडा बांधावा. तो माशासाठी नाही. मासा खालून बघतो, त्याला फक्त काळी आकृती दिसते. तो आपल्या डोळ्यांसाठी आहे, कारण दुपारच्या चकाकीत खाकी नाकतोडा पाच वावांवर दिसेनासा होतो.

एक सूचना हौशी कारागिरांसाठी. डोळे रंगवणे, पोटावर आडव्या रेघा मारणे, मिशा लावणे, हे सगळे करा, हात रमतो. पण पकडीत त्याने फरक पडतो असे समजू नका. फरक पडतो तो तीन गोष्टींनी: आकार, पाण्यावर बसण्याची ढब आणि तंगड्यांची हालचाल. गळाची फट फोमने बुजली तर देखण्यातला देखणा नाकतोडाही नुसता खेळणे आहे.

फ्लायची काठी आणि दोरी विकत घेतलीच पाहिजे असे नाही. आयर्लंडमधल्या मोठ्या सरोवरांवर लांब काठीला हलकी दोरी बांधून वाऱ्याच्या जोरावर खरा नाकतोडा पाण्यावर नाचवण्याची पद्धत आहे. जपानच्या डोंगरी ओढ्यांवर रिळाविना नुसत्या काठीला दोरी बांधून फ्लाय टाकतात. आपल्याकडची लांब बांबूची काठी, तिच्याइतकीच लांब नायलॉनची दोरी आणि टोकाला फोमचा नाकतोडा, एवढ्यावर सीनेच्या काठी संध्याकाळ सार्थकी लागते. रिळाची काठी असेल तर पाणी भरता येणारा पारदर्शक फ्लोट दोन हात वर बांधावा. वजन तो देतो. टाकल्यावर काही करू नये. लाटा विरू द्याव्यात, मग टोक जरासे हलवावे, पुन्हा थांबावे. बहुतेक मासे थांबलेल्या नाकतोड्यावर येतात. हे थांबणे शिकवता येत नाही. जो तो आपापल्या स्वभावाप्रमाणे शिकतो किंवा शिकत नाही.

टोपली भरायची असेल तर हा मार्ग नव्हे. त्यासाठी भोयांचे जाळे आहे, दावण आहे, आणि त्यावर ज्यांचे पोट चालते त्यांच्याशी स्पर्धा करण्यात शहाणपणही नाही. जिल्ह्यातली बरीच तळी मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात. पाण्यावर जाण्याआधी संस्थेच्या माणसाला विचारावे. बहुधा तो हो म्हणतो, आणि पाणी किती चढले, मरळ कुठे दिसली हेही त्याच्याइतके दुसरे कोणी सांगू शकत नाही. पावसाळ्यात मरळीच्या पिल्लांचा लालसर घोळका पृष्ठभागावर दिसला तर तिथे गळ टाकू नये. आईबाप खालीच पहारा देत असतात, नाकतोड्यावर भुकेने नव्हे, रागाने येतात, आणि ते गेले की घोळका दिवसभरात संपतो. गळाचा उलटा दात पकडीने दाबून टाकला तर मासा कमी जखमी होतो आणि सोडायचा असेल तर सहज सुटतो.

शेवटची विनंती उजनीवर जाणाऱ्यांना. भिगवणपासून खाली सगळ्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित आणि इतर पाणपक्षी उतरतात. गवतात अडकून तुटलेली नायलॉनची दोरी पाणी उतरल्यावर तिथेच लटकत राहते आणि पक्ष्यांच्या पायात गुंतते. फोमचा नाकतोडा गेला तर जाऊ द्या, तो दहा मिनिटांत पुन्हा बांधता येतो. दोरी मात्र पाण्यात उतरून सोडवा आणि खिशात घालून घरी न्या.